अडतिसावा श्लोक

उदगीरच्या बसस्टँडपासून किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाढदिवसाचे जेवढे फ्लेक्स लागतात, तेवढे रामलिंग बिरादार गुरुजी उभे राहून वाचतात. फ्लेक्सवर कुणातरी दादाचा गॉगल घातलेला फोटो असतो आणि खाली चार ओळींची कविता. पहिल्या ओळीत अकरा अक्षरं, दुसरीत सतरा, तिसरीत नऊ, आणि चौथीत दादाचं अख्खं नाव आडनावासकट कोंबलेलं. गुरुजींची बोटं आपोआप मांडीवर पडायला लागतात, लघू-गुरू मोजायला. मग ते तिथंच रस्त्याच्या कडेला थुंकतात. "तंबाखू न्हाई, काय न्हाई, अन् थुंकता कशाला?" असं सिंधुबाई, म्हणजे त्यांची बायको, अनेकदा विचारून थकल्या.

किळस हा गुरुजींचा जुना आजार. कविसंमेलनाचा त्यांना वीट आहे, मोबाईलवर सकाळी सकाळी येऊन पडणाऱ्या सुविचारांचा आहे, आणि मुक्तछंद या नावाखाली वाक्याचे तुकडे करून एकाखाली एक रचणाऱ्यांचा तर भयंकर आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांत छत्तीस वर्षं मराठी शिकवलं, पोरांना गण पाठ करून घेतले, 'यमाताराजभानसलगा' म्हणता म्हणता पोरांनी त्यांचं नावच 'यमाता गुरुजी' पाडलं. पोरं मोठी झाली, कुणी अडत दुकानावर बसलं, कुणी पुण्याला गेलं. गण कुणाच्याच लक्षात राहिले नाहीत, टोपणनाव मात्र सगळ्यांच्या राहिलं.

तरी या माणसाला मान ताठ ठेवायला एक गोष्ट होती. उदगीरपासून दोन कोसांवरच्या एका जुन्या मठात कपड्यात गुंडाळलेली एक हस्तलिखित पोथी होती. सुरुवातीची पानं गेलेली, शेवटची गेलेली, त्यामुळे ग्रंथाचं नाव नाही आणि कर्त्याचंही नाही. मठातले लोक तिला नुसतं 'गणांची पोथी' म्हणायचे. आत छप्पन्न वृत्तं होती. प्रत्येक वृत्ताला दोन श्लोक, पहिल्यात त्या वृत्ताचं लक्षण आणि दुसऱ्यात उदाहरण. एकूण एकशे बारा. कुणीतरी दोन-अडीचशे वर्षांपूर्वी याच भागात बसून, इथल्याच ज्वारीची, इथल्याच ओढ्यांची, इथल्या बाजारातल्या भांडणांची उदाहरणं घेऊन कवितेचं शास्त्र लिहिलं होतं. पुण्याकडचा एक शब्द त्यात नव्हता. गुरुजींनी ती पहिल्यांदा उघडली तेव्हा त्यांना रडू आलं, आणि हे ते कुणालाही सांगायला लाजत नाहीत.

मठाचं सगळं पाहायचे शिवप्पा. पोथी बाहेर न्यायची नाही, इथंच बसून उतरवायची, एवढी एकच अट त्यांनी घातली. मग तीन वर्षं दर रविवारी आणि सगळ्या सुट्ट्यांत गुरुजी सायकल मारत मठात जायचे आणि एका लांब रजिस्टरमध्ये नक्कल करायचे. त्यांची रीत ठरलेली होती. एकदा डोळ्यांनी वाचायचं, एकदा मोठ्यानं म्हणून मांडीवर मोजायचं, मग लिहायचं. जिथं वाळवीनं अक्षर खाल्लं असेल तिथं मनानं काही घालायचं नाही. पण वृत्तात बांधलेल्या मजकुराची एक गंमत असते. अक्षर गेलं तरी ते हलकं होतं की जड, एवढं वृत्तच सांगतं. म्हणून गुरुजी गेलेल्या लघूच्या जागी अर्धचंद्र काढायचे आणि गुरूच्या जागी आडवी रेघ. एकशे बारा श्लोकांत बारा ठिकाणी वाळवी लागली होती. त्यातल्या अकरा ठिकाणी रजिस्टरमध्ये आजही त्या खुणा आहेत.

बाराव्या ठिकाणी, म्हणजे अडतिसाव्या श्लोकात, त्या नाहीत. तिथं गुरुजींनी शेण खाल्लं.

झालं असं, की सदतिसावा श्लोक भुजंगप्रयाताचं लक्षण सांगणारा, तो धड होता. अडतिसावा त्याचं उदाहरण, तो पानाच्या खालच्या अर्ध्या भागात, आणि तो सगळा अर्धा भाग वाळवीच्या पोटात गेलेला. गुरुजींनी रजिस्टरात जागा सोडली आणि नियमाप्रमाणे सुट्या कागदावर चार ओळींत मिळून अठ्ठेचाळीस खुणा काढल्या. सोळा अर्धचंद्र, बत्तीस रेघा. तो ब्याण्णवचा मे महिना होता. गल्लीत टँकर पाच-सहा दिवसांनी यायचा आणि यायची वेळ कुणालाच ठाऊक नसायची. सिंधुबाई स्वयंपाकात असल्या की घागरींच्या रांगेत गुरुजी बसायचे. तसे बसले असताना त्या रिकाम्या सांगाड्यात आपोआप अक्षरं येऊन बसली.

रिकाम्या घटांची उभी रांग दारी
तुझी वाट पाहून डोळे निमाले

पुढच्या दोन ओळीही आल्या. गुरुजींनी घरात जाऊन बायकोला म्हणून दाखवलं. सिंधुबाई म्हणाल्या, "चांगलं हाय. आता घागरी कोण राखून राहिलंय तिकडं?" पुढच्या रविवारी मठात बसून, त्याच शाईनं, त्याच वळणदार अक्षरात गुरुजींनी ते रजिस्टरमध्ये उतरवलं. बाजूला एक फुली मारायची आणि तळाला 'हे माझे' असं लिहायचं, असं मनात होतं. मारू, मारू म्हणत राहिलं. खरं सांगायचं तर राहिलं नाही, ठेवलं. इतक्या वर्षांत स्वतःची एक ओळ कुणी छापली नव्हती, आणि इथं ती ज्वारीच्या आणि ओढ्यांच्या रांगेत अशी बेमालूम बसली होती की पुसायला हात होईना.

पुढच्या वर्षी नक्कल पुरी झाली आणि त्याच वर्षी किल्लारीचा भूकंप झाला. मठाची एक भिंत फाटली, पोथीच्या कोनाड्यात पावसाचं पाणी शिरलं. गुरुजी दोन महिन्यांनी गेले तेव्हा कोनाडा रिकामा होता.

"कुजली होती, गुरुजी," शिवप्पा म्हणाले. "फाटकी पोथी घरात ठिवू न्हाई. नांदेडला गेलो तवा गंगेत सोडली. फुलं वाहून, रीतीनं सोडली."

गोदावरीला या भागात गंगा म्हणतात, आणि जुनी पोथी गंगेत सोडणं हे पुण्याचं काम समजतात. शिवप्पांच्या चेहऱ्यावर ते पुण्य दिसतही होतं. आता जगात त्या ग्रंथाची एकच प्रत उरली होती, ती गुरुजींच्या ट्रंकेत, आणि त्या प्रतीत एक खोटा श्लोक होता.

त्यानंतर पंचवीस वर्षं गुरुजींनी ते रजिस्टर कुणाला दाखवलं नाही, कारण पाहायला कुणी आलं नाही. मग एके दिवशी डॉ. रविकिरण टाकळीकर दारात उभे राहिले. लातूरच्या एका कॉलेजात मराठीचे प्रमुख. सातवीला गुरुजींच्याच हाताखाली होते. आल्या आल्या पायावर डोकं ठेवलं, "सर, तुम्ही नसता तर मी आज कुठं असतो," असं म्हणाले, आणि तेवढ्यात मोबाईलवर स्वतःचा पायाशी वाकलेला फोटोही काढून घेतला. गुरुजींना तेव्हाच अंगावर पाल पडल्यासारखं वाटलं होतं. पण माणूस भुकेला असला की शिळं-ताजं बघत नाही. त्यांनी रजिस्टर दिलं. आठ दिवसांनी ते झेरॉक्स होऊन परत आलं, सोबत अर्धा किलो पेढे.

दोन वर्षांनी पुस्तक आलं. गुळगुळीत कागद, कव्हरवर जळक्या कडांचं नकली जुनं पान. 'संशोधन आणि संपादन : डॉ. रविकिरण टाकळीकर.' प्रस्तावनेत त्यांनी लिहिलं होतं, की एका जीर्ण मठात धूळ झटकताना आपल्या हाती ही पोथी कशी लागली आणि आपले हात कसे थरथरले. तळाला आभार मानताना 'उदगीर येथील एका जिज्ञासू गृहस्थांनी' काही मदत केल्याचं एक वाक्य होतं. गुरुजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाठकोऱ्या कागदाइतकीही किंमत नाही ठेवली या पोरानं आपली, असं ते मोठ्यानं म्हणाले आणि पुस्तक पालथं आपटलं.

पालथं पडलं तर मागच्या कव्हरवर मोठ्या अक्षरात छापलं होतं : रिकाम्या घटांची उभी रांग दारी.

खाली डॉक्टरांचं भाष्य. यातला 'तू' म्हणजे परमेश्वर. अठराव्या शतकातल्या एका महादुष्काळात एका अनाम भक्तकवीनं फोडलेला हा टाहो मराठी कवितेच्या इतिहासात एकमेव आहे, वगैरे. सिंधुबाई चष्मा लावून वाचत होत्या. त्या म्हणाल्या, "आवं, हे तर तुमचं टँकरचं हाय की."

"हाव," गुरुजी म्हणाले.

"मग परमेश्वर कुठून आला?"

त्या दुपारी गुरुजींनी ते मागचं कव्हर चार वेळा वाचलं. चारही वेळा त्यांना गोड वाटलं, आणि गोड वाटल्याची जी शिसारी आली ती रात्रीच्या जेवणापर्यंत गेली नाही. चोरानं चोरलं होतं ते खरंच, पण चोरलेल्या गाठोड्यातली सगळ्यात झळकणारी वस्तू यांनीच बनवलेली होती. ओरडावं तर आधी स्वतःची झडती द्यावी लागणार. 'गप राहा,' असा सल्ला सिंधुबाईंनी दिला आणि गुरुजी गप राहिले.

गप राहणं जमलंही असतं. पण पुस्तक येऊन चार वर्षं झाल्यावर, गेल्या दिवाळीनंतर, धम्मप्रिया आली. भोकरकडची पोरगी, नांदेडला पीएच.डी. करत होती, मराठीतल्या जुन्या छंदशास्त्राच्या लेखनावर. प्रस्तावनेतले ते जिज्ञासू गृहस्थ कोण, हे तिनं चार ठिकाणी फोन करून शोधून काढलं होतं. बाकी कुणाला ते शोधावंसं वाटलं नव्हतं. ती दिवसभर बसली, रजिस्टरमधलं पान न् पान छापील पुस्तकाशी ताडून पाहिलं, डॉक्टरांच्या तेवीस चुका काढल्या. गुरुजींना वाटलं, हिला आधी भेटायला हवं होतं. मोजताना तिची बोटंही मांडीवर पडत होती.

निघताना तिनं विचारलं, "गुरुजी, मूळ पोथी आता न्हाई. तुमच्या या रजिस्टरवरच सगळं हाय. कुठं तुम्ही पदरचं काही घातलंय का? शब्द, अक्षर, काही?"

"जिथं गेलं होतं तिथं खुणा हायत," गुरुजी म्हणाले.

"म्हणजे बाकी सगळं जसंच्या तसं?"

गुरुजी हो म्हणणारही नव्हते, नाहीही म्हणणार नव्हते, काहीतरी मधलं बोलून वेळ मारून नेणार होते. पण तेवढ्यात ती म्हणाली, "मी हा विषय अडतिसाव्या श्लोकासाठी घेतला. आमच्या आईनं जल्मभर पाणी भरलं. अडीचशे वर्षांत कुणीतरी एकानं त्या रांगेकडं बघितलं म्हणायचं."

"जसंच्या तसं," गुरुजी म्हणाले.

ती गेल्यावर त्यांनी चूळ भरली. दोनदा भरली. तोंडाची चव गेली नाही.

या फेब्रुवारीत लातूरला त्या पुस्तकावर एक दिवसाचं चर्चासत्र झालं. 'जिज्ञासू गृहस्थां'ना आमंत्रण होतं, शाल आणि नारळासकट. सिंधुबाई म्हणाल्या, "जावा, शाल घ्या, जेवा, या." सभागृहात प्लास्टिकची फुलं, दोन हजार रुपये भाड्याच्या कर्ण्यातून कानठळ्या बसवणारं स्वागतगीत, आणि सूत्रसंचालन करणारा एक दाढीवाला, जो प्रत्येक पाहुण्यासाठी चारोळी म्हणत होता. गुरुजींसाठीही म्हणाला. त्यात 'ज्ञानाचा दिवा' आणि 'उदगीरचा ठेवा' असं यमक होतं. अक्षरं एका ओळीत दहा, दुसऱ्या ओळीत पंधरा. गुरुजींच्या खांद्यावर शाल पडली तेव्हा तिला दुकानातल्या डांबरगोळ्यांचा वास येत होता. टाळ्या वाजवणारे अर्धे मोबाईलमध्ये बघत वाजवत होते. सगळ्या सभागृहाला मिळून एक फडकं मारावं, असं त्यांना वाटलं.

मग धम्मप्रियानं निबंध वाचला. चांगला वाचला. तिनं ग्रंथातल्या उदाहरणांचे तीन गट पाडले, शास्त्र लिहिणाऱ्यानं राजदरबार सोडून बाजाराकडं आणि बायांकडं का पाहिलं असेल ते मांडलं, आणि सगळा भार शेवटी अडतिसाव्या श्लोकावर आणून ठेवला. तो श्लोक तिनं चालीत म्हटला. सभागृह पहिल्यांदा शांत झालं. गुरुजी मान खाली घालून बसले. आपलीच कविता आयुष्यात पहिल्यांदा लोक ऐकत होते आणि आपल्याला उठून पळून जावंसं वाटत होतं.

त्यावर डॉ. टाकळीकर माईकपाशी आले. "मला तो क्षण आजही आठवतो," ते म्हणाले. "मठातल्या त्या अंधाऱ्या कोनाड्यात मी ते पान उलटलं, आणि याच ओळी माझ्याकडे बघत होत्या."

आता गुरुजी उठले ते चोरावरच्या संतापानं उठले, की त्या पोरीसमोरच्या लाजेनं, हे त्यांनाच नीट सांगता येत नाही. उठले एवढं खरं.

"पान उलटलं म्हणता, रविकिरण," ते म्हणाले. माईक नव्हता, पण छत्तीस वर्षांचा वर्गातला आवाज होता. "ते पान वाळवीनं खाल्लं होतं. पोथी त्र्याण्णवला गंगेत गेली, तवा तुम्ही चड्डीत होता. तो श्लोक माझा हाय. ब्याण्णवच्या उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत बसून केला. त्यातला 'तू' म्हणजे परमेश्वर न्हाई, टँकर हाय."

मागच्या रांगांतून हशा पिकला. डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला आणि गुरुजींना फार बरं वाटलं. पण ते बरं वाटणं दोन मिनिटंही टिकलं नाही. कारण डॉक्टर सावरले. अशी माणसं सावरतातच, तीच त्यांची खरी विद्या. त्यांनी चष्मा काढला, तो पुसला, आणि दाटून आलेल्या आवाजात म्हणाले, "मित्रहो, आज माझा विश्वासघात झाला. मी माझ्या गुरूंवर विसंबलो. ज्या नकलेला मी प्रमाण मानलं, तिच्यात नक्कल करणाऱ्यानंच भेसळ केली, हे ते स्वतः सांगताहेत. एक श्लोक त्यांचा असेल, तर दहा नसतील कशावरून? पन्नास नसतील कशावरून? पोथी तर नाही. संशोधक म्हणून मी हे पुस्तक आज, इथं, मागे घेतो."

कोनाड्याचं, थरथरणाऱ्या हातांचं काय, हे कुणी विचारलं नाही. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. केवढा मोठा माणूस, असं गुरुजींच्या शेजारचा माणूस डोळे पुसत म्हणाला. चोर पकडला गेला होता आणि त्याचाच सत्कार चालला होता. आणि गेलं होतं काय, तर ते एकशे अकरा. ज्वारीचे, ओढ्यांचे, बाजारातल्या भांडणांचे. तो बिननावाचा माणूस अडीचशे वर्षं वाळवीला पुरून उरला, गंगेलाही पुरला, आणि त्याला बुडवायला त्याचाच एक प्रेम करणारा माणूस निघाला.

जेवणाच्या सुट्टीत मांडवाखाली जिलेबीचं ताट हातात घेऊन गुरुजी एका बाजूला उभे होते. त्यांच्या जवळ कुणी येत नव्हतं. धम्मप्रिया आली. तिच्या हातात ताट नव्हतं.

"मी घरी आले होते तवा विचारलं होतं, गुरुजी."

"हाव."

"तुम्ही जसंच्या तसं म्हणलात."

"हाव, पोरी. चुकलं माझं."

"तीन वर्षं झाली मला या कामावर. गाईड म्हणले, विषय बदल आता." ती हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हती, नुसतं सांगत होती. "बाकीचे एकशे अकरा खरे हायत का?"

"खरे हायत," गुरुजी म्हणाले. "एक अक्षर पदरचं न्हाई. दोन-दोनदा मोजून लिवलंय. कुणाची म्हणशील त्याची शपथ घेतो."

तिला विश्वास ठेवायचा होता, हे गुरुजींना स्पष्ट दिसत होतं, आणि त्यापेक्षा वाईट काही त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"मला त्यातले चाळीस पाठ हायत," ती म्हणाली. "आता ते कुणाचे म्हणून म्हणू?"

गुरुजींकडे सांगण्यासारखं एकच होतं, की ते त्या बिननावाच्या माणसाचे, आणि ते खरं होतं, पण त्यांच्या तोंडून ते आता कुणी घेणार नव्हतं.